येते हं

मयताच्या घरून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं, असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी म्हटलं, आणि तेव्हापासून मी त्या घरून निघतेच आहे.

मयत खोटं होतं. माझी कॉलेजची मैत्रीण शलाका दुखवट्यावर एक विनोदी लघुपट करत होती आणि तिला समाचाराला येणारी शेजारीण हवी होती. सासूबाई माझ्या तान्ह्या इराला मांडीवर घेऊन म्हणाल्या, “सिनेमातलं असलं तरी मयतच ते. न बोलता उठायचं.”

“अहो आई, त्या मेलेल्या काकांना मधल्या वेळात वडापाव लागतो,” मी म्हणाले. इराला ‘येते हं’ म्हटलं आणि निघाले. तसं म्हटलं नाही तर ती रडून घर डोक्यावर घेते.

चटईवर दाणीकाका नाकात कापूस घालून पडले होते. “पंखा लाव गं शलाका. मेलोय म्हणून उकडत नाही का?”

“मेलेल्यांनी बोलायचं नाही, काका.”

त्यांची बायको झालेल्या नलूताई हसू दाबत होत्या. मी त्यांचा हात धरला, ‘सांभाळा स्वतःला’ हे माझं वाक्य म्हटलं, उठले, आणि दारात सवयीने तोंडातून गेलं, “येते हं.”

शलाका ‘कट’ म्हणाली नाही. मी पाऊल बाहेर टाकलं, ते त्याच खोलीत पडलं.

“या, बसा,” नलूताई म्हणाल्या.

मी बसले, हात धरला, वाक्य म्हटलं, उठले. या वेळी तोंड घट्ट मिटलं होतं. तरी दाराबाहेर तीच खोली होती. शलाका नव्हती. कॅमेऱ्याच्या जागी पणती होती. दाणीकाकांना आता उकडत नव्हतं.

“काका, वडापाव?” मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

“धक्क्याने होतं हो असं,” मागून एक बाई हळूच म्हणाली.

मी घरी फोन लावला. “इरा रांगायला लागली,” सासूबाई म्हणाल्या. “निघालीस ना?”

“निघालेच.”

पुढच्या फेरीत दारातून लावला तेव्हा इरा चालत होती, सारखी दाराशी जात होती. त्यानंतर फोन एका मुलीनेच उचलला.

“आजी झोपलीये. कोण बोलतंय?”

“आई.”

“आई येते म्हणालीये,” तिने मला समजावलं. “ती आली की करा.”

आता बायका सरकून मला नलूताईंशेजारी जागा देतात. येणारे माझाही हात धरतात, मला सांभाळायला सांगतात आणि मुकाट्याने उठतात. त्यांना दाराबाहेर जिना लागतो. ऊन दिसतं. दार मिटतं.

तुम्ही आत्ताच आलात. तुमच्या चपला अजून दाराशी आहेत. खाली उतरलात की समोरच पिवळ्या फाटकाचं आमचं घर आहे. इरा जेवली का, विचारा. अंगातलं तिला तोकडं होत असेल, त्याचं काही बोलू नका. तिचा हात कडीला पोचला की ती मला न्यायला निघेल, आणि नलूताई तिलाही ‘ये, बस’ म्हणतील. तेवढं बघाल? हात कुठवर पोचतो ते.