भट्टीचं तोंड

मुद्रितशोधकाला आयुष्यात एकच गोष्ट खात्रीने येत होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधणं. उभी हयात छापखान्यात गेली. निवृत्त झाल्यावरही औषधाच्या बाटलीवरचा कागद तो पेन्सिल हातात घेऊन वाचायचा. स्वतः मात्र काही करायची वेळ आली की दोन पावलं मागे सरायचा. जो काही करतच नाही त्याचं काही चुकतही नाही, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं.

अशा माणसाला त्याच्या बायकोने मळ्यावर आणलं.

मळा म्हणजे उतारावर विखुरलेली मातीची घरं, मधोमध सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, आणि भोवती भाजीचे वाफे, फळझाडं, शेळ्या. शिकलेली माणसं त्याला पर्माकल्चर म्हणायची. राहणाऱ्यांचं म्हणणं सोपं होतं : जमिनीकडून घ्यायचं तेवढं तिला परत द्यायचं, आणि साबणापासून पावापर्यंत जमेल ते आपल्या हाताने करायचं. बायकोची धाकटी बहीण इथे कधीची राहत होती. तिच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर नुकतंच रिकामं झालं होतं आणि ते बायकोच्या मनात असं भरलं होतं, की चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे बसल्याबसल्या ती त्या घराच्या खिडक्यांना पडदे लावायची. पण घर द्यायचं की नाही ते मळ्यावरची माणसं ठरवणार. त्याआधी दोघांनी महिनाभर पाहुणे म्हणून राहायचं, कामं शिकायची.

"आणि परीक्षा?" त्याने आल्याआल्या मेव्हणीला विचारलं.

"एकच आहे, भाऊजी. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांपुढे उभं राहायचं आणि इथे राहून काय बिघडवलं ते सांगायचं."

"काय शिकलो ते?"

"नाही हो. बिघडवलं काय."

"आणि काहीच बिघडवलं नसेल तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. ज्याने काही बिघडवलं नाही त्याने कशाला हातच लावला नाही, असं सिस्टर म्हणतात. आणि मुद्दाम बिघडवाल तर चालायचं नाही हं. त्यांना वासावरून कळतं."

सिस्टर मळ्यावरच्या सगळ्यात जुन्या. पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या. समोर कुणी आलं की आता या जीभ बाहेर काढायला सांगणार, असं वाटावं अशी त्यांची नजर होती.

पुढच्या वर्षी! मुद्रितशोधकाने बायकोकडे पाहिलं. ती त्या रिकाम्या घराच्या पायरीवर जाऊन बसलीसुद्धा होती, कुणी उठवायच्या आत बसून घ्यावं तशी. पुढच्या वर्षीपर्यंत ते घर कुणासाठी थांबणार नव्हतं.

तिची काळजी नव्हती. तिने पहिल्याच दिवशी साबण केला, तो थिजेचना. शेवटी तो बादलीत भरून ठेवला आणि लोक पळीने घेऊन आंघोळीला जाऊ लागले. मग तिने गोठ्याची कडी लावली नाही, शेळीने पालकाचा अख्खा वाफा फस्त केला. तिने केलेलं चीज तर मळ्यावरचा सुतार मागून घेऊन गेला. दार उघडं राहायला खाली सारायचं म्हणून. "एक तुकडा अजून असेल तर द्या," तो म्हणाला, "खिडकीही वाजते." आणि ती पोट धरधरून हसली.

मुद्रितशोधक मात्र भांडी घासत होता. आरशासारखी घासत होता. बियांच्या बरण्यांवर त्याने मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या, अंगण झाडलं, लाकडं एका मापात रचली. कलम बांधायला बोलावलं तर म्हणाला, "मी दोरा धरतो." धार काढायला बोलावलं तर म्हणाला, "मी शेळी धरतो."

"अहो, तुम्ही नुसतं धरताय," बायको एका दुपारी भांड्यांच्या ढिगाशी त्याच्या शेजारी येऊन बसली. "काहीतरी बिघडवा की!"

"मुद्दाम चालत नाही म्हणाली ना तुझी बहीण."

"मुद्दाम कोण म्हणतंय? मनापासून बिघडवा."

तिने हसतहसतच म्हटलं होतं, पण उठताना एकदा त्या घराकडे बघून घेतलं, आणि ते बघणं त्याच्या काळजात रुतलं.

त्याच दिवशी मेव्हणी नवी भट्टी घालायला निघाली. जुनी खचली होती आणि मळ्यावर पाव मिळेनासा झाला होता. आधी ओल्या वाळूचा घुमट रचायचा, त्यावर भिजवलेली वर्तमानपत्रं चिकटवायची, त्यावर माती, वाळू आणि पेंढा कालवून केलेल्या गाऱ्याचा जाड थर द्यायचा. थर घट्ट झाला की समोर तोंड कापायचं आणि आतली वाळू उपसून काढायची. कागद असतो म्हणून वाळू कुठे संपली ते कळतं.

"भाऊजी, कागद धरता का?" मेव्हणीने डोळे मिचकावत विचारलं.

"नाही," मुद्रितशोधक म्हणाला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "गारा तुडवतो."

त्याने मोजे काढले, त्यांची नीट घडी घातली, ते बुटात ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गाऱ्यात पाय घातला. थंडगार चिखल बोटांच्या फटींतून वर आला. त्याने दुसरा पाय घातला. मग काय झालं कोण जाणे, पण त्याला हसू फुटलं. लहान मुलाला गुदगुल्या केल्यावर फुटतं तसं, आवरेना असं. तो तुडवत राहिला. मेव्हणीने "पुरे" म्हटलं तरी थांबेना. बायको हातातला कोबी तसाच घेऊन बघायला आली आणि कोबी विसरून उभी राहिली.

"काय गं, यांना काय झालं?"

"काही नाही, ताई. पाय मोकळे झाले."

वर्तमानपत्र चिकटवताना मात्र काम खोळंबलं, कारण चिकटवण्याआधी तो प्रत्येक पान वाचत होता. "भाऊजी, ते बातम्यांसाठी नाही, वाळूसाठी आहे!" मेव्हणी ओरडली. तोवर त्याने तीन चुका शोधल्या होत्या आणि जन्मात पहिल्यांदाच त्या तशाच सोडून गाऱ्याखाली गाडल्याही होत्या.

घुमट उभा राहिला. तोंडही कापलं, वाळू निघाली, आत छोटा जाळ करून भट्टी वाळवायला घेतली. "तोंड तेवढं तुम्ही बघा," मेव्हणी म्हणाली आणि वाफ्यांकडे गेली.

झालं! मुद्रितशोधकाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी तपासायला मिळालं. डावी कड त्याला जरा बसकी वाटली, म्हणून त्याने तिथे बोटभर गारा लावला. मग उजवी बसकी वाटली, तिथे लावला. वरची कमान त्यामुळे एका अंगाला कलल्यासारखी दिसू लागली. तिथेही थोडा लावला, पाण्याचा हात फिरवला, मागे जाऊन डोळा बारीक करून बघितलं. भांडी तशीच पडून राहिली. रोज सकाळी चहाआधी तो भट्टीपुढे हजर, आणि रोज त्याला एक नवी बारीकशी चूक सापडायची. शेवटी ते तोंड असं सुबक झालं की सुतारही दोनदा हात फिरवून गेला.

शेवटच्या दिवशी दुपारपासून भट्टी पेटली. धूर सरळ वर गेला, घुमट तापला. सूर्य कलायला लागला तेव्हा त्याने निखारे ओढून काढले. आज सगळ्यांसाठी पाव होणार होता. मेव्हणी एक ट्रे भट्टीशेजारी ठेवून दुसरा आणायला गेली. मळ्याचे ट्रे जुने, लोखंडी, जडशीळ. त्यावर पीठ फुगून टम्म झालं होतं.

मुद्रितशोधकाने ट्रे उचलून आत सरकवला. ट्रे दोन्ही कडांना अडला.

त्याने तिरका करून पाहिला, तर पीठ घरंगळायला लागलं. सरळ केला. पुन्हा अडला. रोजचं बोटभर बोटभर मिळून हे केवढं झालं होतं! भिंत आता दगडासारखी झाली होती, हात लावू नये अशी तापलेली. परीक्षेचं त्याला काही आठवलंच नाही. एवढंच दिसत होतं, की सगळा मळा पावाची वाट बघतोय आणि पाव बाहेर राहिलाय, आणि हे आपण केलंय. ट्रे वाकवता येईल का? उन्हाने भट्टी आकसली म्हणावं का? तो ट्रे धरून नुसता उभा राहिला.

"अहो, काय झालं?" बायको धावत आली.

"जात नाही."

"काय जात नाही?"

"ट्रे. तोंड लहान झालं. मीच केलं. नीट करता करता केलं."

बायकोने ट्रे बघितला, तोंड बघितलं, मग त्याचा चेहरा बघितला. आणि टाळी वाजवून असं काही ओरडली की शेळ्यासुद्धा ओरडल्या. "बिघडलं! अगं धाकटे, ये लवकर, यांनी बिघडवलं!"

"हळू बोल गं, लोक उपाशी आहेत."

"राहू देत उपाशी! केवढं मोठं बिघडवलंत हो तुम्ही. माझा साबण याच्यापुढे काहीच नाही."

दुसरा ट्रे घेऊन आलेल्या मेव्हणीने तो खाली ठेवला आणि खालीच बसली, हसून हसून. पण भट्टी थांबणार नव्हती, पीठही नाही. तिने डोळे पुसले आणि हाळी दिली. माणसं जमली. ज्याने त्याने पीठ तोडून मुठीएवढे गोळे वळले, सुताराने लांब फळी आणली आणि एकेक गोळा फळीवरून त्या सुबक तोंडातून आत गेला, भट्टीच्या तळावर. काही पाव करपले, काही एकमेकांना चिकटले, एक कुठे गेला ते कळलंच नाही. उरलेल्यांचा वास मात्र असा सुटला की कुणी कुणाशी बोलेना.

पाव बाहेर आले तसे सगळे भट्टीभोवती बसले. बायकोचं सांगून झालं. ते बराच वेळ चाललं, कारण ती विसरलेलं लोक मधेमधे आठवून देत होते. मग सिस्टर वळल्या. "आणि तुम्ही?"

मुद्रितशोधक उभा राहिला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. पण सांगायचं काय ते आज डोळ्यांसमोर होतं. कुठल्या कडेला आधी गारा लावला, मग कुठे, का, आणि कुठे थांबायला हवं होतं, हे त्याने काही न लपवता, सावकाश सांगितलं. "चूक दिसली की हात थांबत नाही," तो म्हणाला. "स्वतःच्या हाताने केलेलं कधी तपासलं नव्हतं. फार मजा आली."

मग सुतार हसला आणि सगळेच हसले, तोही.

"दुरुस्त कोण करणार?" सिस्टरनी विचारलं. हाही प्रश्न सगळ्यांनाच असायचा.

"मी."

"कधी?"

"भट्टी गार झाल्यावर. मग कडा भिजवून तासाव्या लागतील. पुन्हा वाळवायचं. घाई केली तर तडा जाईल."

"उद्या सकाळी निघणार होतात ना?"

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"उद्या कसं जमेल?" तो शेवटी म्हणाला. "काम अर्धवट टाकून?"

"नाहीच जमायचं," सिस्टर म्हणाल्या. "वाळेपर्यंत थंडी पडेल. थंडीत कुणी आपलं घर सोडून जातं का?" आणि त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणी हात वर केला नाही, कुणी मान हलवली नाही. सगळ्यांची तोंडं पावाने भरली होती. पण मेव्हणीने उठून ताईला अशी काही मिठी मारली की दोघी बाकावरून घसरल्या.

मुद्रितशोधक खाली बसला. सुताराने त्याच्या हातात एक पाव ठेवला, बुडाला काळा, वर सोनेरी. त्याने तो तोडला, वाफ चष्म्यावर आली आणि त्याला काही दिसेनासं झालं. चष्मा न पुसताच त्याने घास घेतला आणि भरल्या तोंडाने काहीतरी बोलला. कुणाला काही कळलं नाही, आणि कुणी पुन्हा सांगा म्हणालं नाही.