विनीला हवी तेवढी ठेंगणी

मी एक जुनी कुंपणपायरी आहे. मित्रांनो, तुमच्या गावात मला काय म्हणतात कोण जाणे. आमच्या नेदरकोम गावातून चर्चकडे जाणारी पायवाट परसी हॅडनच्या कुरणातून जाते. माणसांना पलीकडे जाता यावं आणि मेंढ्यांना अलीकडे येता येऊ नये, म्हणून कुंपणात मला उभं केलं. दोन खांब, पाय ठेवायला एक फळी आणि ओलांडायला वरची एक फळी, एवढाच माझा संसार.

मला घडवलं क्लेमेंट टॅपसेलने. तेव्हा तो तरणाबांड सुतार होता आणि ताडमाड उंच. वादळात पडलेलं ओकचं झाड गावाच्या पंचायतीने त्याच्या हवाली केलं आणि सांगितलं, पायवाटेला पायरी करून दे. पंचायत म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका. गावातलीच पाच-सात बिनपगारी माणसं. मैदानातलं गवत, मुलांचा झोपाळा, बसथांब्याचं छप्पर आणि पायवाटा, इतकंच त्यांचं राज्य. राज्य लहान, पण वाद असे की मोठ्या राज्यांनी शिकून जावं.

क्लेमेंटने माप घेतलं ते स्वतःच्याच पायांनी. पहिल्या दिवशी त्याची बायको विनी माझ्यासमोर उभी राहिली. ती जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची.

"अरे बगळ्या, ही कुणासाठी केलीस? गावात माणसं राहतात."

"ठेंगणी करून देतो. येत्या रविवारी."

तो रविवार काही उगवला नाही. क्लेमेंट आधी ओलांडायचा आणि पलीकडून हात पुढे करायचा. विनी त्याला चार शब्द सुनवायची आणि हात धरायची. मला तर वाटतं, त्या हातासाठीच त्याने तो रविवार उगवू दिला नाही.

मी खूप माणसं पाहिली. शाळेची पोरं माझ्यावर बसून सफरचंदं खायची. दर वसंतात पंचायतीची चिटणीस हेस्टर गुडघ्यापर्यंतचे बूट घालून यायची, माझा खांब हलवून बघायची आणि म्हणायची, "अजून घट्ट आहेस गं." ते ऐकलं की माझं वर्ष चांगलं जायचं. मधली काही वर्षं कुणी फिरकलं नाही. खाजकुइलीने मला गळ्यापर्यंत वेढलं आणि शेवाळ चढलं. त्याचं मी मनावर घेतलं नाही. म्हातारपण असंच असतं, हे मी क्लेमेंटकडे बघून शिकत होते.

मग विनी गेली. कुरणापलीकडे, चर्चमागच्या दफनभूमीत तिला ठेवलं. क्लेमेंट रोज फुलं घेऊन मला ओलांडायचा. पलीकडे उतरला की सवयीने हात मागे करायचा आणि मग तो हात खिशात घालायचा. ते बघून माझ्या लाकडाला पीळ पडायचा.

एका सकाळी त्याने पाय उचलला, पण गुडघा वळेना. त्याने पुन्हा उचलून पाहिला. शेवटी फुलं माझ्या वरच्या फळीवर ठेवून तो परत गेला. पलीकडून मेंढ्या आल्या आणि फुलं फस्त करून गेल्या. असं कितीतरी दिवस चाललं. चर्चला रस्त्यानेही जाता येतं, पण तो बोळासारखा अरुंद आणि त्यातून मालट्रक धावतात. एकदा तो तिकडून गेला, तर ट्रक त्याच्या बाहीला घासून गेला. त्यानंतर त्याने तो नाद सोडला. मित्रांनो, जन्मभर मला वाटायचं की मी मेंढ्या अडवते. आता मी माझ्याच सुताराला अडवत होते.

फळीवर उरलेले फुलांचे देठ हेस्टरला दिसले. तिने कुणाला काही विचारलं नाही. सूचनाफलकावर कागद लागला: पंचायतीची पुढची बैठक पायरीपाशी, विषय पायरी काढून फाटक बसवणे.

उन्हाळ्याची संध्याकाळ होती. सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन आले. आधी गावकऱ्यांनी बोलायचं, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं, असा नियम. क्लेमेंट टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मला तिच्याकडे जायचंय," तो म्हणाला आणि खाली बसला.

"वेळ उरलाय, क्लेमेंट," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"बाकी काही नाही."

परसी पंचायतीचा सभासद. तो म्हणाला, "फाटक म्हणजे उघडं फाटक. लोक लावत नाहीत. मग माझ्या मेंढ्या शोधायला कोण, तुम्ही येणार?"

"परसी, कुरण तुझं आहे," हेस्टरने आठवण करून दिली. "तुझ्या होकाराशिवाय फाटक बसणार नाही, ते वेगळं. पण तुझ्या जमिनीच्या विषयात तुला इथे बसता येत नाही. मतदान होईपर्यंत खोलीबाहेर जा."

"कुठली खोली?"

सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं. शेवटी अध्यक्षबाईंनी निकाल दिला, "कुंपणापलीकडे जा आणि पाठ फिरव."

परसी मला ओलांडून गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला. इकडे फाटक लाकडी की लोखंडी, यावर जुंपली. मग कडी कुठल्या बाजूला, यावर. परसी कंटाळला आणि कुरण उतरून चर्चच्या दिशेने चालू लागला. तो विनीच्या थडग्यापाशी वाकलेला मला दिसला.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात वाळलेल्या फुलांच्या काड्या होत्या. कुंपणापलीकडूनच तो म्हणाला, "क्लेमेंट, बरणी कोरडी पडली होती. मी पाणी भरून ठेवलंय. फुलं तुम्ही आणा."

"परसी, तू अजून खोलीबाहेर आहेस," हेस्टर म्हणाली. "बोलता येणार नाही."

"मग मला आत घ्या," परसी म्हणाला. "आणि आपोआप मिटणारं फाटक बसवा. माझी हरकत नाही."

मला उपटलं त्या दिवशी मला दुःख झालं नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. झालं. पण फाटक ढकलून क्लेमेंट पलीकडे गेला आणि ते दुःख उरलं नाही.

परसीने मला जळणात टाकलं नाही. ट्रॅक्टरवर घालून त्याने मला क्लेमेंटच्या दारात नेलं. क्लेमेंटने आखून दिलं आणि परसीने करवत चालवली. चर्चने परवानगी दिली आणि आता मी विनीच्या थडग्याशेजारचं बाक आहे.

मित्रांनो, मला रंग द्या, तेल पाजा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावातही अशी बैठक भरत असेल. तिथे जाऊन बसा. आणि तुम्ही जे काही उभारलं असेल, ते तुमच्याहून लहान किंवा थकलेल्या पायांना ओलांडता येतं का, ते अधूनमधून बघा.

पहिल्या दिवशी क्लेमेंट माझ्यावर बसला, तेव्हा त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि गुडघे छातीपर्यंत आले. मग थडग्याकडे बघून तो म्हणाला, "घे. केली बघ ठेंगणी."

तो रविवार होता.