तीन मोजेपर्यंत

फोड मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, मागच्या बाजूला, दोन पेरांच्या बरोबर मध्ये. आत स्वच्छ पाणी, कडेला गुलाबी रेघ. शेजारच्या बोटावर तेवढाच एक लाल डाग होता, तो अजून फुगला नव्हता. यशवंतनं खिडकीच्या उजेडात हात धरला आणि डाव्या हाताच्या नखानं फोडाच्या कडेला हलकंच दाबून बघितलं. दुखलं नाही. न दुखणं हेच वाईट होतं.

मंगला चहा घेऊन आली आणि कपाऐवजी तिचं लक्ष बोटाकडेच गेलं. हे कधी झालं, असं तिनं विचारलं. चहा सांडला असेल, तो म्हणाला. घरात चहा तीच करते आणि तीच आणून देते, हे दोघांनाही माहीत होतं.

"आपल्या शीतलच्या लग्नानंतर सांगतो म्हणालात," ती म्हणाली. "लग्न झालं, तिला पोरगी झाली, पोरगी आता रांगायलीय. तुम्ही सांगणार की मी येऊन सांगू ऑफिसात?"

"तू येऊन काय सांगणार?"

"माझा नवरा तव्यावरची भाकरी चिमट्याशिवाय उचलतोय, म्हणून सांगते. एवढं पुरे की."

यशवंतनं चहा संपवला आणि स्कूटर काढली.

नवनगरहून यार्डात पोहोचायला त्याला वीस मिनिटं लागायची. आज रस्ता कसा सरला हे त्याला कळलं नाही. काल संध्याकाळचे पाच वाजल्यापासूनचा प्रत्येक क्षण तो पुन्हा मांडून बघत होता, आणि मांडणी दर वेळी तशीच येत होती.

यशवंत मिरजकर मालगाड्या तपासायचा. गाडी यार्डात शिरताना रुळाच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार चेतन उकिडवे बसायचे आणि एकेक वॅगन डोळ्यांखालून, कानांवरून जाऊ द्यायचे. गाडी थांबली की चालत निघायचं आणि चाकांच्या प्रत्येक धुऱ्याच्या टोकाला असलेल्या बेअरिंगच्या डब्यावर उलटा हात ठेवायचा. तळहात पान्यांनी घट्टे पडून बधिर झालेला असतो, हाताची मागची बाजू खोटं बोलत नाही. हात ठेवून तीन मोजायचे. तीन मोजेपर्यंत हात टिकला तर डबा ठीक. एकावरच हात मागे आला तर बेअरिंग तापलंय, वॅगन तोडून बाजूला काढायची. नाही काढली तर ते तापत जातं, धुऱ्याचं टोक लाल होऊन मोडतं आणि मागच्या चाळीस-पन्नास वॅगन एकमेकींवर चढतात. एकतीस वर्षांपूर्वी हे त्याला शिकवणारे मिस्त्री केव्हाच वारले. आता तो इतरांना शिकवायचा. डेपोत कुणाचं बेअरिंगवरून दुमत झालं की अण्णाला बोलवा, असंच म्हणायचे.

त्याच अण्णाला साखरेनं गाठलं होतं. बोटांची टोकं आधी झिणझिणली, मग त्यांच्यावर कुणी रेशमी हातमोजा चढवल्यासारखं झालं आणि दोन वर्षांत तो मोजा मनगटापर्यंत आला. दवाखान्यात दर खेपेला डोळे तपासत, रक्त काढत. हाताला ऊन-थंड कळतं का, हे कुठल्याच कागदावर विचारलेलं नव्हतं. यशवंतनं आपण होऊन ते सांगितलं नाही. गाडीवरून काढतील, स्टोअरमध्ये बसवतील, नटबोल्टांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती. डोळे शाबूत होते, कान शाबूत होते, हाताचं काम डोळ्यांनी भागेल असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

आणि मग पावसाळ्यानंतर धारवाडच्या बाजूला रुळाशेजारी ते यंत्र बसलं. दोन्हीकडे एकेक पेटी, वर बघणारा डोळा. गाडी ऐन वेगात वरून गेली तरी प्रत्येक बेअरिंगची उष्णता तो डोळा मोजतो आणि गाडी यार्डात पोहोचायच्या आधी आकडा डेपोच्या पडद्यावर येतो. ऐंशी अंशांच्या वर गेला की भोंगा वाजतो. दीड महिन्यात भोंगा तीनदा वाजला. तिन्ही वेळा गाडी थांबवली, तिन्ही वेळा ड्यूटीवर यशवंत होता, तिन्ही वेळा त्यानं उलटा हात ठेवून तीन मोजले. थंड आहे, तो म्हणाला. दुरून उष्णता मोजणारी गन डेपोत होती, पण ती आणायला माणूस पाठवायचा तर अर्धा तास, आणि अण्णाचा हात समोर असताना गनची वाट कोण बघणार?

तिसरी वेळ कालची होती. एकतिसावी वॅगन, डाव्या बाजूचं दुसरं बेअरिंग, पडद्यावर अठ्ठ्याऐंशी. त्यानं तीन मोजले होते, आणि बघणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून पुढे चार आणि पाचही.

पहिल्या दोन वॅगनींचे नंबर त्याला पाठ होते. मोकळी गाडी परत आली की तो ते शोधायचा. एक दिसली होती. दुसरी अजून दिसली नव्हती.

गदगच्या बाजूला रुळाचं काम चालू असल्यामुळे कालची कोळशाची गाडी यार्डातच उभी होती. अकराला सुटणार, असं केबिनमधून कळलं. यशवंत थेट एकतिसाव्या वॅगनीकडे गेला. हात लावण्यात अर्थ नव्हता. पंधरा तास उभी राहिलेली गाडी, सगळे डबे आता सारखेच गार. यंत्र आणून ठेवलं असतं तरी त्यालाही काही सापडलं नसतं. काल पाच वाजता इथे काय होतं, हे जगात दोनच ठिकाणी नोंदलेलं होतं. एक पडद्यावरचा आकडा, दुसरं त्याचं मधलं बोट.

त्यानं खिशातला खडू काढला. मग वॅगनीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘सिक’ लिहिलं आणि खाली कारण लिहिलं, ब्रेक. सिक लिहिलेली वॅगन गाडीतून तोडून दुरुस्तीच्या रुळावर नेतात, कारण काही का असेना.

चेतन वॅगनीखालून वाकून या बाजूला आला. त्यानं खडूची अक्षरं वाचली आणि पुन्हा वाकून ब्रेक बघितले.

"अण्णा, हे ब्लॉक तर नवे आहेत की."

"पिन ढिली आहे."

"पिनपण बरी दिसायलीय." चेतननं पिन हलवून बघितली. ती हलली नाही. तो यशवंतकडे बघत राहिला, मग हसला. "असू दे. तुम्ही म्हणालात म्हणजे आहे. मला अजून तेवढं दिसत नाही."

यशवंतला वाटलं, यानं भांडायला हवं होतं.

शंटिंगचं इंजिन आलं, गाडी दोन तुकड्यांत ओढली गेली आणि एकतिसावी वॅगन एकटी दुरुस्तीच्या रुळावर जाऊन उभी राहिली. यशवंतनं पाण्याची बाटली अर्धी संपवली. निदान अकराची गाडी सुखरूप जाईल. ब्रेकची पिन बघून दुरुस्तीवाले दोन दिवसांत वॅगन परत पाठवतील, तोवर बेअरिंगचं काहीतरी निमित्त काढता येईल. येईल का? त्यानं विचार तिथेच सोडला.

"साडेदहाला साहेबांच्या खोलीत या, बर्री," चेतन म्हणाला. "मशीनचा तेरावा आहे आज. तुमच्याच हातचं पाणी सोडायचंय."

काय ते त्यानं चालता चालता सांगितलं. यंत्राची मर्यादा ऐंशीवरून पंचाण्णववर न्यायची, असं वर ठरत आलंय. तीन खोटे भोंगे झाले, आता पुरे. या एकाच यंत्राची नव्हे, मार्गावर बसवलेल्या चारही यंत्रांची.

एका वॅगनीचा हिशेब यशवंतनं खडूनं मिटवला होता. हा खडूनं मिटणारा नव्हता.

साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावर पडदा उघडून दीपश्री बसली होती. यंत्रं सांभाळणारी इंजिनियर, सत्तावीस-अठ्ठावीसची, धारवाडची. यशवंतला ती काका म्हणायची. पहिल्या दिवशी यंत्र बसवताना तिनं त्यालाच विचारलं होतं, की उलटा हात का, सुलटा का नाही, आणि उत्तर वहीत लिहून घेतलं होतं.

श्रीहर्ष साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे मांडणी केली. पाच हजार टनांची गाडी मधेच थांबवली की पुन्हा वेग घ्यायला किती वीज जाते, याचा तक्ता त्यांच्यासमोर होता. वीज वाचवा, धूर कमी करा, म्हणून वर्षभर मोहीम चालली आहे, आणि खोट्या भोंग्यांपायी ती बचत तशीच उधळली जाते. शिवाय गाड्या अडल्या की कोळसा ट्रकनं जायला लागतो, मग रुळांवरून नेऊन काय मिळवलं? संध्याकाळी सूर्य पश्चिमेला उतरला की डोळ्यावर तिरीप येते, त्यानं आकडा चढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तिन्ही भोंगे संध्याकाळचे होते.

दीपश्रीनं ते ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, की तिरीप आली तर त्या बाजूचे सगळेच आकडे चढायला हवेत. इथे एका वॅगनीला आठ बेअरिंगं, त्यातलं एकच चाळीस अंशांनी वर आणि बाकीची सात अगदी सारखी. तिन्ही वेळा तसंच. ऊन एकच बेअरिंग निवडून तापवत नाही. बोलताना तिचा आवाज सुरुवातीला ठाम होता.

साहेब म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण जागेवर हात लावून बघितलेलं आहे, आणि हात कुणाचा आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागे लोंढ्याच्या बाजूनं आलेल्या गाडीचं तापलेलं बेअरिंग मिरजकरांनी नुसत्या वासावरून धरलं होतं, त्याचं प्रशस्तिपत्र अजून डेपोत लावलेलं आहे. त्यांनी एक कागद यशवंतकडे सरकवला. तीन तारखा, तीन वॅगनींचे नंबर, प्रत्येकासमोर ‘प्रत्यक्ष तपासणीत सामान्य’. खाली सहीची जागा.

यशवंतनं नंबर वाचले. पाठच होते. मधला तोच, अजून न दिसलेला.

चेतननं पेन पुढे केलं. कुणाला घाई नव्हती, पण सगळे वाट बघत होते. बाहेर इंजिनानं शिट्टी दिली. अकराची गाडी सुटत होती, त्या एका वॅगनीशिवाय.

दीपश्री पडद्याकडे बघत होती. तिनं तीन आलेख एकाखाली एक लावले होते, प्रत्येकात एक उंच रेघ आणि सात बुटक्या. तिनं ते पुन्हा एकदा बघितले, मग यशवंतकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेत उत्तर बरोबर येऊनही पुस्तकाशी जुळत नाही म्हणून खोडायला निघालेल्या मुलीसारखी ती दिसत होती.

"काका, तुम्ही तीन मोजलेत ना? तिन्ही वेळा?"

"मोजले."

"मग माझंच काहीतरी चुकत असणार," ती म्हणाली. "मला सापडत नाहीये, पण असणार. तुमचा हात खोटा धरून मी कशी चालू? करा साहेब पंचाण्णव."

तिनं पडदा मिटायला हात पुढे केला.

यशवंतला त्या क्षणी ना मंगलाची आठवण झाली, ना स्टोअरच्या खोलीची. त्याला एवढंच दिसलं, की एक शहाणी पोर आपलं खरं उत्तर खोडते आहे, आणि ते तो खोडू देतो आहे. उद्यापासून मार्गावरचे चार डोळे त्याच्या बधिर बोटांच्या मापानं बघणार आहेत. ब्याण्णव असेल, त्र्याण्णव असेल, भोंगा वाजणार नाही. तिथे खडू घेऊन तो उभा नसेल. घाटाच्या उतारावर कुणीच नसेल.

त्यानं पेन घेतलं नाही. तो खुर्चीवरून उठला, कारण साहेबांसमोर अशी गोष्ट बसून सांगायची नसते असं त्याला वाटलं. चेतन अर्धवट हसत त्याच्याकडे बघत होता, काहीतरी गंमत येणार म्हणून.

"साहेब, मर्यादा ऐंशीच राहू द्या," यशवंत म्हणाला. "पोरीचं बरोबर आहे. तिन्ही वेळा बरोबर होतं. मी तीन मोजले, दहा मोजले असते तरी मला कळलं नसतं. दोन वर्षं झाली, माझ्या हाताला ऊन-थंड कळत नाही. सकाळी सिक केलेल्या वॅगनीचे ब्रेक चांगले आहेत, मी खोटं लिहिलं. तिचं बेअरिंग उघडायला सांगा, आणि बाकीच्या दोन जिथे असतील तिथे थांबवा." पुढचं वाक्य त्यानं दोन वर्षं मनात बोलून बघितलं होतं, पण तोंडानं ते एवढं लहान होईल असं त्याला वाटलं नव्हतं. "आणि मला आजपासून गाडीवर लावू नका."