कंसातलं उदास संगीत

मधलीचं काम सांगायला सोपं आणि करायला जीव काढणारं होतं. ज्यांना ऐकू येत नाही अशांसाठी ती टीव्हीवरच्या मालिकांचे आवाज लिहून काढायची. संवाद तर लिहायचेच, शिवाय दार वाजलं, कुत्रं भुंकलं, कुणी खोकलं, तेही कंसात टाकायचं. आठ वर्षं हेच. थोरली आणि धाकटी आपापल्या संसाराला लागल्या आणि आईला बघायचं हिच्यावर आलं, तरी घरात ती अजून मधलीच होती.

सुरुवातीला ती गाणंन् गाणं कान देऊन ऐकायची. मग दिवसाला चार भाग उरकायची वेळ आली आणि तिने शहाणपणा केला. एक बटण दाबलं की ‘(उदास संगीत)’ आपोआप उमटेल अशी सोय करून घेतली. मालिकांत कुणी ना कुणी रडतच असतं, त्यामुळे ते खपून जायचं. पाट्या टाकणं म्हणतात ते हेच, आणि तिलाही ते माहीत होतं. पण इतक्या दमलेल्या माणसाला लाज वाटून घ्यायलाही त्राण लागतं.

अडचण एवढीच की ते वाचणारं एक माणूस तिच्याच घरात होतं. आईचे कान सहा वर्षांपूर्वी पार गेले. त्याआधी ती इस्त्री करतानासुद्धा गुणगुणायची. आता लेकीने लिहिलंय म्हणून रोज संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून पडद्याखालची अक्षरं वाचायची. गेल्या महिन्यात तिने रिमोट ठेवून दिला. का, असं विचारलं तर म्हणाली, “कंटाळा आला गं. सगळीकडे एकच गाणं वाजतं.”

तेव्हापासून ती संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बोलणंही तुटक झालं. मधलीला ते बघवत नव्हतं, आणि याला आपलंच बोट कारण आहे हे कुणाला सांगवतही नव्हतं.

अशात एका दुपारी बेकरीवाल्या बाईच्या मालिकेचा सातवा भाग हाती आला. बाई दुकान बंद करते, एप्रन काढून पिशवीत कोंबते, बसस्टॉपवर बसते. गाणं सुरू झालं. मधलीचं बोट सवयीने बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. ड्रमवाला चुकला होता. तो मागे राहिला, कुणीतरी हसलं, आणि ती चूक तशीच ठेवून मंडळी पुढे गेली होती. गाणारी दमलेली होती, पण उदास नव्हती. हा फरक मधलीला चांगलाच ठाऊक होता, ती रोज तशीच तर घरी जायची.

तिने ते अकरा वेळा ऐकलं. शेवटी नावं सरकतात त्यात बारीक अक्षरांत सापडलं: ‘तिसरा मजला’. चौघांचा बँड, डोक्यावर कुठल्या कंपनीचा हात नाही, कुणाच्यातरी गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेली नऊ गाणी आणि ऐकणारे इन मीन दोनशे. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने नऊच्या नऊ ऐकली. मग नियमात बसतील अशा दोन ओळी लिहायला पाऊण तास घालवला.

(दमलेली गिटार. ड्रम मागे राहतो.
कुणीतरी हसतं. गाणं पुढे जातं.)

साहेबांनी त्या परत पाठवल्या. उदास संगीत लिही आणि मोकळी हो, तुझ्यापायी पुढचं सगळं अडलंय, असं त्यांचं म्हणणं. आठ वर्षांत तोंडातून ब्र न काढलेली मधली म्हणाली की ते चूक ठरेल, गाणं उदास नाहीये. साहेबांनी हात टेकले.

“ठेव तसंच. नाहीतरी वाचतंय कोण?”

भाग लागला त्या संध्याकाळी तिने आईला जवळजवळ ओढूनच टीव्हीसमोर बसवलं. भिंतीकडे बघावं तशी आई पडद्याकडे बघत होती. बसस्टॉप आला. अक्षरांबरोबर आईचे ओठ हलले. तिने मान वळवली.

“कोण हसलं?”

ड्रमवालाच असेल, चूक त्याचीच होती ना, असं मधली म्हणाली. आई ओठांकडे बघून शब्द ओळखायची. ओळखले आणि खुदकन हसली. मग तेवढा तुकडा तिने तीनदा पुन्हा लावायला लावला. सुटले बाई एकदाची, असं मधलीला वाटलं.

पण आईच्या डोक्यात आता दुसरंच काही आलं होतं.

“आणि त्या मागच्या मालिकेतल्या लग्नात काय वाजत होतं गं? सगळे नाचत होते आणि खाली आपलं उदास संगीत. मला वाटलं, हल्ली तसंच वाजवतात.”

मधलीने आठवून पाहिलं. नाचणारे आठवले, नवरीने भिरकावलेल्या चपलाही आठवल्या. गाणं काही आठवेना. थाप मारली असती तरी आईला कळणार नव्हतं, आणि जिभेवर एक थाप आलीही होती.

ती आईसमोर सरकून बसली आणि सावकाश, प्रत्येक शब्द ओठांवर दिसेल असं बोलली. “माहीत नाही, आई. मी ऐकलंच नव्हतं.”

 आईने रिमोट लेकीच्या हातात दिला.

“लाव मग. आता ऐक, आणि मला सांग.”