किटीवेकची तिसरी फेरी

ईनॉक सग्डनला तळ्याचा पलीकडचा काठ दिसेनासा होऊन दोन वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट आपण कुणाला म्हणून कळू दिली नाही याचा त्याला कोण अभिमान! कुणाला म्हणजे बोटींच्या क्लबातल्या लोकांना. बायकोला, हेटीला, केव्हाच कळलं होतं. जी बाई चाळीस वर्षं नवऱ्यासमोर चहाला बसते, तिला तो चहा कपात न पडता बशीत का पडतोय हे कळणार नाही होय?

हेदरबी गावच्या बागेतल्या तळ्यावर उन्हाळाभर दर रविवारी छोट्या बोटी सुटत. छोट्या म्हणजे हात-दीड हात लांब. पण ‘खेळणं’ म्हणालात तर ईनॉकनं तुमच्याशी बोलणं टाकलंच म्हणून समजा. त्याच्या ‘किटीवेक’ बोटीचं वाफेचं इंजिन त्यानं सव्वीस साली ट्रामच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातलं होतं, आणि बॉयलर घरी तांब्याचा पत्रा ठोकून केला होता. बत्तीस वर्षांत ते इंजिन एकदाही रुसलं नव्हतं. बोट एकदा सोडली की सोडली. मागून दोरी नाही, काही नाही. सुकाणू आधीच बसवायचं, वारा जोखायचा, आणि हात काढून घ्यायचा. साठ पावलांवर पलीकडे पाण्यात निशाणांच्या काठ्या रोवलेल्या. मधल्या दोन लाल काठ्यांमधून बोट गेली तर पाच गुण, शेजारून गेली तर तीन, त्याच्याही पलीकडे एक, नाहीतर भोपळा. तिथं हेटी मांडीपर्यंत रबरी बूट चढवून पाण्यात उभी असायची आणि आलेली बोट धरायची.

ईनॉकचं म्हणणं असं की यात डोळ्यांचं काम काय? सोडायच्या फळीवरचा खिळा टाचेला लागला की आपण कुठं उभे आहोत ते कळतं. वारा गालाला कळतो. वाफ किती चढली ते कानाला. आणि निशाणं? ती तीस वर्षं एकाच जागी रोवलेली. डोळे बघ्यांना लागतात, असं तो मनातल्या मनात ठासून म्हणायचा.

पण गेल्या महिन्यात घोटाळा झाला. बॉयलरखालच्या स्पिरिटच्या दिव्याची ज्योत उन्हात धडधाकट माणसालाही दिसत नाही, हे खरं. तरी पेटत्या दिव्यात वरून स्पिरिट ओतणारा माणूस हेदरबीत तोच पहिला. डावी भुवई साफ गेली. तेव्हापासून क्लबाचा सेक्रेटरी पर्सी ओल्डरॉइड त्याच्या मागं लागला होता. पर्सी पूर्वी पोलिसात हवालदार होता आणि ती सवय काही सुटली नव्हती.

“मिस्टर सग्डन, नियम माहीत आहे ना? ज्याला पलीकडची निशाणं दिसत नाहीत त्यानं बोट सोडायची नाही,” स्पर्धेच्या दिवशी सकाळीच त्यानं गाठलं.

“नियम मी लिहिलाय. तू तेव्हा शेंबूड पुसत होतास.”

“मग ऐका. आज तिन्ही फेऱ्या नीट गेल्या तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. एक जरी भलतीकडे गेली तर मी पलीकडे पाटी धरीन, तुम्ही इथून आकडा वाचायचा. नाही वाचता आला तर किटीवेक कायमची घरी.”

“आण की पाटी! दमलास तर बसायला होईल.”

सकाळच्या दोन्ही फेऱ्या लाल काठ्यांमधून गेल्या. दहा गुण! ईनॉकनं आल्याच्या केकचे दोन तुकडे चापले आणि आजूबाजूच्या चार जणांना सुकाणू कसं बसवावं यावर न विचारता व्याख्यान दिलं. दुपारी फेरी लागण्याआधी तो रिवाजाप्रमाणे क्लबाच्या खोपटापाशी गेला. या क्लबात कुणी ओरडून काही सांगत नाही. जे काही असेल ते खडूनं फळ्यावर, आणि ज्यानं त्यानं वाचून आपल्या नावासमोर रेघ ओढायची. ईनॉकचं नाव सगळ्यात वर. तो फळ्यासमोर दोन मिनिटं उभा राहिला, “हं, हं, ठीक आहे” म्हणाला आणि झोकात रेघ ओढून आला.

तिसरी फेरी. टाच खिळ्याला लावली. वारा उजव्या गालावर, सकाळपेक्षा अंमळ हलका. वाफ ओसरत आली की किटीवेक शेवटी डावीकडे झुकते, म्हणून त्यानं तिचं नाक जरा उजवीकडे धरलं. सुकाणू दातेरी पट्टीवर एक दात फिरवलं. आणि सोडली.

काय गेली म्हणता! इंजिनाचा आवाज एका लयीत लांब लांब गेला. ईनॉक मान कलती करून ऐकत राहिला. आता झुकेल. झुकली. बरोबर. आता टाळ्या.

टाळ्या झाल्या नाहीत. पलीकडे काठाच्या दगडाला बोट लागल्याचा टक्कन आवाज आला.

“मिस्टर सग्डन,” पर्सी हळू आवाजात म्हणाला, “जेवणानंतर निशाणं आठ पावलं उजवीकडे हलवली. पंचांच्या खुर्चीवर ऊन येत होतं, ती सरकवावी लागली. फळ्यावर लिहिलं होतं. तुम्ही रेघ ओढलीत.”

ईनॉकनं खिळ्यावरची टाच उचलली. पण मान खाली जाईल तो ईनॉक कसला?

“माझी बोट कुठं गेली?”

“सकाळी लाल काठ्या होत्या तिथं.”

“मधून?”

पर्सी माणूस खडूस, पण खोटारडा नव्हे. “अगदी मधून,” तो म्हणाला.

“मग शून्य लिही. पण कुठं गेली तेही लिही. पाटी राहू दे. मला नाही वाचता येणार.”

तळ्याला वळसा घालून हेटी आली. काखेत किटीवेक, बुटांत पाणी डचमळतंय.

“ओरडायला काय झालं होतं तुला?” ईनॉक कडाडला. “तू तिथंच होतीस! निशाणं हलवलेली तुला दिसली!”

“दिसली. ओरडता आलं असतं. नाही ओरडले.”

“का?”

“गेल्या महिन्यात भुवई गेली. आता पुढं काय जळतंय त्याची वाट बघत बसू? दोन वर्षं तुझ्यासाठी खोटं बोलतेय मी, ईनॉक. कंटाळले.”

“माझ्या हातातनं बोट काढून घेतलीस तू.”

त्याचा आवाज फुटला. लोक उगाच आपापल्या बोटींकडे बघू लागले.  गवतावर बसून हेटीनं एकेक बूट ओढून काढला आणि त्याच्यासमोर आपटला.

“घाल.”

“मी?”

“नाहीतर कोण, पर्सी? काय रे पर्सी, पलीकडे उभं राहून बोट धरायला डोळे लागतात असं कुठं लिहिलंय?”

पर्सीनं डोकं खाजवलं. “नाही, असं काही नाही लिहिलेलं. आणि सोडायला कोण?”

“मी. तीस वर्षं ती माझ्याच अंगावर येतेय. तिच्या खोडी मला विचार. चल, ईनॉक, वाफ उतरायच्या आत पोच तिकडे.”

तो गेला. वाटेत निदान तीनदा म्हणाला की बाईला साधा दिवा पेटवता येणार नाही. कठड्याला धरून पाण्यात उतरला तर मांडीपर्यंत गारठा. इथं उभं राहून ही बाई कधी कुरकुरली कशी नाही, कोण जाणे! लाल काठ्या हातानं चाचपून तो मधोमध उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. तसेही उपयोगाचे नव्हते.

मग पलीकडून इंजिनाचा आवाज निघाला. बारीक, एका लयीत, आणि क्षणाक्षणाला मोठा होत. ईनॉक जागच्या जागी थरारला. बत्तीस वर्षं किटीवेक त्याच्यापासून दूरच जात आली होती. आपल्याकडे येताना ती कशी वाजते हे त्यानं आजवर ऐकलंच नव्हतं. तो दोन पावलं डावीकडे सरकला, वाकला, आणि ओंजळ पाण्यात धरली. बोटीचं नाक हाताला लागलं. ऊबदार, थरथरतं.

“हेटी!” त्यानं अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. “दोन पावलं चुकलीस! सुकाणू एक दात डावीकडे घे, आणि पुन्हा सोड!”