राजरत्न तेल विसरला नव्हता

मी ग्रासकटर. गवत कापायचं पेट्रोलवालं मशीन. पुढे पातं, मधे लांब दांडा, मागे इंजिन, आणि खांद्याला अडकवायला पट्टा. एकेकाळी मी तोंड उघडलं की अख्खी सोसायटी खिडक्या लावून घ्यायची आणि दुपारचे झोपलेले आजोबा गॅलरीत येऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता तीन वर्षं झाली, हूं की चूं नाही. डोंबिवलीला शीळ रस्त्यावर 'गंगाई मशिनरी' आहे ना, तिथे काउंटरमागच्या भिंतीवर दोन खिळ्यांना लटकलोय. पोट फाडलेलं आहे. आतला पिस्टन काढून काचेच्या डबीत ठेवलाय आणि खाली पाटी लावलीय : 'पेट्रोलमध्ये तेल विसरलात तर असं होतं.'

खोटी आहे ती पाटी. म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. थर्माकोलमध्ये गुंडाळलेल्याला काय आठवणार? जहाजानं आलो, भिवंडीच्या गोदामात उंदरांच्या शेजारी चार महिने काढले, मग टेम्पोनं इथे. खोका उघडल्यावर पहिला चेहरा दिसला तो राजरत्नचा. दुकानातला मेकॅनिक. सडपातळ, कपाळावर चष्मा चढवलेला, नखांत कायमचं काळं. त्यानं मला उचललं, कानाशी हलवलं आणि म्हणाला, "चल बाबा, आता खायला शीक."

आमचं खाणं साधं नसतं. माझ्यासारख्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं. तेल नसेल तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जागच्या जागी चिकटतो. मग संपलं. राजरत्नकडे तेल मोजायला त्याच्या मुलीच्या, समृद्धीच्या, खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं. एक लिटरला चार झाकणं. मोठ्यानं मोजायचा, देवळात प्रदक्षिणा मोजतात तसा : एक, दोन, तीन, चार. मग बाटली हलवून उजेडात धरायचा. तेल पडलेलं पेट्रोल निळसर दिसतं. निळसर दिसलं की बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची. बिनचिंधीची बाटली साध्या पेट्रोलची, पार्ट धुवायला. अठरा वर्षं हा नेम. ताप असो, घरी पाहुणे असोत, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो, चार म्हणजे चार.

दुकान पोपटशेठ भोईरांचं. शेठ आता म्हणायचं. पूर्वी याच भागात त्यांची भातशेती होती. जमिनीवर टॉवर उभे राहिले, टॉवरभोवती हिरवळ लावली गेली, आणि ज्या माणसानं जन्मभर विळ्यानं भात कापलं त्यानं तीच हिरवळ कापायची मशिनं विकायला काढली. अक्कल होती माणसाला, नाही कशाला म्हणू? पण इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकान शेठचं, पण हात राजरत्नचा. कळव्यापासून कल्याणपर्यंतचे माळी दुकानाचं नाव घ्यायचेच नाहीत. म्हणायचे, "राजरत्नकडे टाकून ये."

मी विकायचा नव्हतो, दाखवायचा होतो. सोसायट्यांमध्ये नेऊन माझा नमुना दाखवायचे. सहा वर्षं राजरत्नच्या खांद्यावरून फिरलो. तो कधी फुशारकी मारायचा नाही. एक पट्टा गवत कापायचा आणि मला बंद करून म्हणायचा, "आता तुमचा माळी चालवू दे." माणसं त्यावरच खूश व्हायची.

मग शेठचा मुलगा सर्वेश गल्ल्यावर बसायला लागला. पोरगा वाईट नव्हता हो. पण त्याला सगळं येत होतं. ज्याला सगळं येतं त्याला शिकवणार कोण डोंबलाचं? राजरत्न दोन-तीनदा म्हणाला, "सर्वेश, जरा बस इकडे, मिक्स बघून ठेव." तर हा म्हणाला, "तू आहेस ना काका."

आता तो दसरा ऐका.

दसऱ्याला आमच्या दुकानात मशिनांची पूजा होते. समोर दिवा-अगरबत्ती लागणार म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या करतात. राजरत्न त्या दिवशी नसतो. त्याचाही तोच मोठा दिवस, तो दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. जाण्याआधी त्यानं टाक्या उपसल्या, मिक्स करून ठेवलं, चार झाकणं मोजली, उजेडात धरलं, चिंधी बांधली. मी समोर होतो. गाडीची वेळ झाली होती तरी एकही झाकण चुकलं नाही. साक्षीला मी आहे, पण माझी साक्ष घेतो कोण?

दसऱ्याला शेठची आई गंगुबाई आली. ऐंशीच्या पुढची बाई, पण नजर घारीची. फडताळावर दोन बाटल्या दिसल्या.

"आगो बाय! ही कसली तेलकट चिंधी? देवापुढं आशी मांडायची कं?"

चिंधी सोडून खिळ्याला टांगली. दोन्ही बाटल्या स्वच्छ पुसल्या, दोघींना कुंकवाचं बोट लावलं, दोघींच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. तिची काही चूक नाही, म्हातारीनं भक्तीनंच केलं. पण आता दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणी झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत नमुना दाखवायचा होता. राजरत्न संध्याकाळी पोचणार होता. सर्वेश म्हणाला, "त्याची वाट कशाला बघायची? मी जातो." एका हातात फोन, दुसऱ्या हातानं पहिली बाटली घेतली आणि माझ्या टाकीत ओतली. अरे, उजेडात धर रे! एकदा तरी धर! पहिल्याच घोटाला मला कळलं, यात तेल नाही. स्वतःच्या बाइकमधलं पेट्रोल संपलं होतं म्हणून दुसरी बाटली अर्धी त्या बाइकमध्ये ओतली. मग माझा दांडा सोडवून दोन तुकडे केले, मला बाइकला बांधलं आणि निघाला. रस्ताभर बाइक पांढरा धूर सोडत होती. माझ्या वाटणीचं तेल मागे जळत होतं आणि मी कोरडा शेजारी बांधलेला.

सोसायटीच्या सेक्रेटरी संचिता मॅडम उभ्या होत्या, त्यांचा हेडमाळी दगडू उभा होता, दहा-बारा रिकामटेकडे जमले होते. सर्वेशनं मला पूर्ण जोरात सोडलं. दहा मिनिटं ओढलं मी कसंबसं. मग आतून किंचाळलो आणि पिस्टन चिकटला. दोरी ओढतोय, ओढतोय, हलेना.

दगडू पुढे आला. "राजरत्नचं मशीन ना रे हे? मिक्स कोणी केलेलं?"

सर्वेशनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "त्यानंच करून ठेवलेलं."

खोटं नव्हतं म्हणा. केलं त्यानंच होतं. फक्त ते माझ्यात नव्हतं.

दुपारी परत आलो. शेठनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर धूर सोडणाऱ्या बाइककडे. मग फडताळावरची अर्धी बाटली उचलून उजेडात धरली. निळसर. इतकी वर्षं राजरत्नला बघून तेवढं त्यांनाही कळत होतं. सर्वेशचा चेहरा पडला.

"पपा, ती बाटली मीच..."

"गप. पोपट भोईराचा पोरगा, मशिनांचं दुकान, नि मिक्स कलत नाय? गावभर हसतील."

"मग काका आल्यावर काय सांगायचं?"

"त्याला काय व्हतंय? गाडीच्या घाईत इसरला आसंल. मानूस हाय."

आणि माझ्या डोळ्यांदेखत शेठनं ती निळसर बाटली गटारात ओतली. साध्या पेट्रोलनं विसळली. साधं पेट्रोल भरलं. खिळ्यावरची लाल चिंधी काढून बाटलीच्या गळ्याला बांधली. काल याच हातानं मला कुंकू लावलं होतं.

संध्याकाळी राजरत्न आला, स्टेशनवरून थेट. हातात संत्र्याच्या बर्फीचा पुडा होता दुकानासाठी. मला पाहिलं तसा पुडा काउंटरवर ठेवला आणि मला मांडीवर घेतलं. पिस्टन बाहेर काढून बघितला. उभे चरे, कोरडा ठणठणीत.

"शेठ, हे साधं पेट्रोल आहे. कोणी भरलं?"

"तुज्याच बाटलीतलं भरलं. चिंधीवाल्या."

राजरत्ननं बाटली घेतली. उजेडात धरली. तेल नव्हतं. तो गोंधळला, क्षणभर स्वतःवरच शंका आली बिचाऱ्याला, बोटांवर एक-दोन-तीन-चार मोजायला लागला. तेवढ्यात त्याचं लक्ष चिंधीकडे गेलं.

राजरत्न नेहमी दोन वेढे देऊन सुरगाठ मारायचा, ओढली की सुटावी म्हणून. ही गाठ तशी नव्हती. भाताचा भारा बांधताना पेंढ्याला पीळ देऊन टोक आत खोचतात, तसा पीळ होता. शेठचे हात दुसरी गाठ शिकलेच नव्हते. या दुकानात भारे बांधलेला माणूस एकच.

राजरत्ननं त्या पिळावरून बोट फिरवलं. मग शेठकडे बघितलं. शेठ खाली गल्ल्यात काहीतरी शोधायला लागले.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "माझ्यासाठी एक करा. दगडूला फोन लावा नि एवढंच सांगा, राजरत्न तेल विसरला नव्हता. पोराचं नाव नका घेऊ. भरताना बाटली चुकली म्हणा, कोणाची ते नका सांगू."

"आरं सोड ना! येवढं काय त्यात? इसरलो म्हन, विषय संपला. तुला कोन काडतंय कामावरनं?"

"नाही विसरलो, तर विसरलो कसं म्हणू? माझ्याकडे दुसरं आहे काय, शेठ?"

"तुमच्या त्या नागपूरच्या घाईत..." शेठ बोलून गेले आणि थांबले.

राजरत्न उठला. चिंधी सोडली नाही, बाटली होती तशीच ठेवली. आपले पाने पिशवीत भरले. खोकल्याच्या औषधाचं झाकण पुसून वरच्या खिशात टाकलं. दारात थांबून म्हणाला, "गाठ चांगली मारलीय, शेठ. सुटणार नाही."

सर्वेश कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्यानं एक शब्द काढला असता तर? एक! पण नाही. बर्फीचा पुडा आठवडाभर तसाच पडून राहिला, शेवटी मुंग्यांनी खाल्ला.

वड्याचं तेल वांग्यावर काढलं लोकांनी. दगडूनं ठाण्यापासून कल्याणपर्यंत माळ्यांना सांगितलं : राजरत्नचा हात गेला, मशिनं चिकटतात त्याची. राजरत्ननं दिवा स्टेशनपाशी, राहत्या खोलीजवळ, पत्र्याखाली टेबल टाकलं. माळी येईनात. आता तो मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्त करतो म्हणे. ज्याला नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग कळायचा, तो चटणीची भांडी घासून बसवतोय. हे मला स्पेअर पार्ट पोचवणाऱ्या माणसाच्या बोलण्यातून कळलं. मला आणखी कोण सांगणार?

इथेही बरं नाही काही. सर्वेश आता बॅटरीची मशिनं विकतो. बिघडली की खोक्यात घालून कंपनीकडे पाठवतो. दुरुस्तीचं टेबल होतं तिथे पाण्याचा जार ठेवलाय. पाटी मात्र शेठनं स्वतः लिहवून आणली. लोकांना शिकवण म्हणून. वा रे शिकवण!

यंदाचा दसरा परवा झाला. शेठचं मधे हृदयाचं ऑपरेशन झालंय, स्टुलावर बसून पूजा केली. गंगुबाई आता नाही. सगळ्या मशिनांना कुंकू लावून झाल्यावर काठी टेकत माझ्यापाशी आले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. माझ्या थंड इंजिनाला कुंकवाचा अंगठा लावला.

"चुकलो रं," म्हणाले. "माफी कर."

डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही. आणि मला असा संताप आला! अहो शेठ, मी लोखंड. माझी कसली माफी मागता? ज्याची मागायची तो दिव्याला बसलाय. डोंबिवलीहून कोपर, कोपरच्या पुढे दिवा. दोन स्टेशनं. नागपूर नाही ते. निदान फोन तरी लावा, दगडूला लावा, नंबर अजून भिंतीवर लिहिलेला आहे.

मला वाटलं, लावतील. खरंच वाटलं. फोनकडे हातही गेला होता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तरुण बाई होती, बदलापूरकडे फार्महाऊस घेतलेलं, मशीन बघायला आलेली. काचेच्या डबीकडे बोट करून म्हणाली, "काका, हा पिस्टन असा का झालाय?"

शेठनं डोळे पुसले. अंगठ्याचं कुंकू अजून ओलं होतं.

"आमचा येक मेक्यानिक व्हता," ते म्हणाले, "तेल टाकायला इसरला."

तर आता तुम्हीच ऐका. कधी शीळ रस्त्यानं गेलात तर दुकानात या. मला भंगारात घाला म्हणत नाही, पुढच्या दसऱ्याला कुंकू लावू नका एवढंही म्हणत नाही. फक्त ती पाटी उतरवा. नाही जमलं, तर पुढे दिव्याला जा, पत्र्याखालच्या त्या माणसाला शोधा आणि त्याच्याकडे तुमचा बिघडलेला मिक्सर तरी टाका. तो चांगला दुरुस्त करून देईल.