भैय्याजींचा मेन स्विच

कळमेश्वरच्या एमआयडीसीत भैय्याजींचा कारखाना आहे. शेवयांच्या यंत्राला खाली जी भोकांची जाळी लागते, ती तिथे बनते. भैय्याजींना दोन गोष्टींवर बोललेलं खपत नाही, एक त्यांचं पोट आणि दुसरा त्यांचा मेन स्विच. पोटावर सगळेच बोलतात. मेन स्विचवर बोलायची मात्र कोणाची छाती नाही.

त्याला कारणही तसंच होतं. मागे एकदा शॉर्ट सर्किट होऊन ऑफिस पेटलं आणि ड्राफ्ट्समन वामनरावांनी काढलेली जाळ्यांची सगळी ड्रॉइंग जळून गेली. वामनराव नुसते राख चिवडत बसले. ते बघून भैय्याजींच्या काळजात जे लागलं ते लागलंच. तेव्हापासून जेवणाची सुट्टी झाली की, आणि संध्याकाळी कुलूप लावताना, ते स्वतःच्या हातानं मेन स्विच पाडत आणि त्याला नमस्कार करत. वामनरावांनी सगळं पुन्हा काढलं, या खेपेस कंप्युटरवर. आता ते निवृत्त होऊन महाल या जुन्या वस्तीत राहतात आणि त्यांचे हात इतके थरथरतात की चहा कपापेक्षा बशीतच जास्त असतो.

पुढे तो कंप्युटरही म्हातारा झाला. ड्रॉइंगचा जुना प्रोग्राम नव्या कंप्युटरवर चालेना, म्हणून ऑफिस सांभाळणाऱ्या पुष्पलतानं जुना कंप्युटर अख्खाच्या अख्खा नव्याच्या पोटात नेऊन बसवला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, असं तिनं समजावलं. कंप्युटरच्या आत कंप्युटर, त्याला ना डबा ना वायर. भैय्याजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग दसऱ्याला हळदकुंकू लावायचं कुठे. शेवटी त्यांनी त्याचं नाव भाडेकरू ठेवलं आणि जुना डबा भंगारात काढला.

हिवाळ्यात भाडेकरूनं अंथरूण धरलं. सुरू होतानाच तो 'डिस्क तपासा' म्हणे आणि पुढे जाईना. पुष्पलता कामात पक्की. तिनं आधी आहे तशी नक्कल काढली, मग नकलेवर दुरुस्ती लावली. डिस्क जुनी, जखम मोठी, दुरुस्तीला अर्धा दिवस सहज लागणार होता. रात्रभर चालू ठेवू का, असं तिनं एकदा विचारून पाहिलं. भैय्याजींनी तिच्याकडे असं बघितलं, की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

मग ती सकाळी आल्या आल्या दुरुस्ती लावू लागली. जेवणाच्या सुट्टीत मेन पडला तरी काळजी नव्हती, कारण टेबलाखालचा यूपीएस कंप्युटरला तेवढा वेळ सहज जगवत असे. तरीही रोज जेवून परत यावं, तर कंप्युटर नव्यानं सुरू झालेला आणि दुरुस्ती पुन्हा शून्यावर. तिनं केबल बदलली, मेमरी बदलली, यूपीएसही स्वतः तपासला. तो ठणठणीत होता.

भैय्याजी रोज आस्थेनं भाडेकरूची तब्येत विचारत. त्यांचीही तब्येत नाजूकच होती म्हणा. बायको सिंधूताई लेकीच्या बाळंतपणासाठी कुहीला जाऊन बसल्या होत्या, त्यामुळे घरी जेवायला जाण्याऐवजी मालक ऑफिसातच खानावळीचा डबा उघडत. मेन पाडावा, खिडकीशी बसावं, पहिला घास घ्यावा, तोच टेबलाखालून टीं टीं सुरू होई. घरात बाळाची वाट बघणारा माणूस, त्याला रडणं ऐकवेना. ते वाकून यूपीएसच्या डब्याचं बटण दाबत, तो गप होई, आणि ते पोटभर जेवत. हात धुऊन मेन वर करत, बटण पुन्हा दाबत. एका जिवाला आपण विश्रांती दिली, याचं त्यांना रोज समाधान वाटे.

शुक्रवारी पुष्पलता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल होते. दर खेपेला दुरुस्ती अर्ध्यात तुटते आणि नक्कल आणखी बिघडते, आता ती उघडतही नाही, आणि मूळ डिस्कची नवी नक्कल काढली तरी तिचंही हेच होणार, असं तिनं सांगितलं. "उद्या महालात जाऊन वामनरावांच्या पाया पडतो, भैय्याजी. म्हणतो, तुमची ड्रॉइंग माह्या हातानं गेली."

भैय्याजींनी तिची समजूत काढत विचारलं, की हे तुटतं तरी नेमकं कधी. ती म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत. कोणीतरी यूपीएस बंद करावा, अगदी तसं.

भैय्याजींनी टेबलाखालच्या डब्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या मेनकडे. गप्प बसलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि क्षणभर त्यांना गप्प बसावंसं वाटलंही. पण समोर ही पोरगी दुसऱ्याचा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन निघाली होती.

"तू काहून पाया पडतं वं," ते म्हणाले. "तो डबा मी बंद करून राहिलो रोज. मले वाटलं, तो रडून राहिला."

पुष्पलतानं तोंडाला पदर लावला, आणि ती हसते की रडते हे भैय्याजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

शनिवारी तिनं जपून ठेवलेल्या मूळ डिस्कची पुन्हा नक्कल काढली आणि दुरुस्ती लावली. सुट्टी झाली तरी मेन वरच राहिला. भैय्याजी त्याच्याखाली स्टूल टाकून बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, डबा न उघडता. दिवस कलताना दुरुस्ती पुरी झाली. ड्रॉइंग बहुतेक सगळी वाचली, पण नावं पुसली गेली होती. कोणती जाळी कोणत्या यंत्राची, हे सांगणारा माणूस एकच होता.

रविवारी दोघं लॅपटॉप घेऊन महालात गेले. भैय्याजींनी आधीच सगळं कबूल करून टाकलं. तुमचे कागद पुन्हा जळू नयेत म्हणून मेन पाडत होतो, आणि त्यातच ही गत झाली, असं त्यांनी सांगितलं. वामनराव एवढंच म्हणाले, की आधी जाळ्या दाखवा. पुष्पलता एकेक उघडत गेली. त्यांनी थरथरत्या बोटानं पडद्याला हात लावावा आणि नाव सांगावं, एकदाही न अडखळता. भोकांवरून ते ओळखत होते, जसं चालीवरून माणूस ओळखावा. सगळी नावं लागली तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

पुष्पलता चप्पल घालायला पुढे गेली. भैय्याजी जड मनानं उठले, दाराशी थांबले, सवयीनं दिव्याचं बटण बंद केलं आणि अंधारात नमस्कार केला.

"राहू द्या, भैय्याजी," आतून वामनराव म्हणाले. "मी आहो अजून अंदर."